मुकुट आढळला नाही

मुरगोडे अण्णांनी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूवर ‘बरोबर आहे’ अशी सही आयुष्यात कधी केली नाही. पीण्या या कन्नड मुलुखातल्या औद्योगिक वसाहतीत, एका लहान कारखान्यात ते तपासनीस होते, आणि तेथील नियम असा होता की ज्याने नग केला त्याने तो तपासायचा नाही. असे नियम कारखान्यांच्या भिंतींवर लिहिलेले असतात आणि घाईच्या दिवशी ते कोणी वाचत नाही. अण्णा निवृत्त झाले, पुढे तो कारखाना बंद पडला, भिंतही पाडली गेली; नियम मात्र अण्णा घरी घेऊन आले. दासरहळ्ळीच्या घरी त्यांनी देवघराची फळी ठोकली तेव्हा ती समपातळीत आहे की नाही हे पाहण्यासाठी शेजारच्या शिवण्णाला बोलावले. शिवण्णा रिक्षा चालवीत असे आणि पाणसळ कशी धरतात हे त्याला ठाऊक नव्हते. अण्णांनी त्याला ती धरायला शिकवले आणि मग त्याच्याकडून फळी तपासून घेतली.

आमची गाठ दर रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या वाचनालयात पडे. मी एका सरकारी उपक्रमातून करारपत्रांची छाननी करून निवृत्त झालेला माणूस. अन्याय दिसला की मी पत्र लिहितो. हे नागरिकाचे कर्तव्य आहे असे माझे मत आहे, आणि ज्या कार्यालयांना ते मान्य नाही त्यांना मी तसे लेखी कळवलेले आहे. अण्णा मला ‘वकीलसाहेब’ म्हणत.

“मी वकील नाही,” हे मी त्यांना दर वेळी सांगत असे.

“ठाऊक हाय की. पण तुमचं पत्र आलं की माणसं वकील शोधत्यात.”

ते निपाणीकडचे. आई मराठी, वडील कन्नड. घरात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या. अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पोलादी पट्टी, आणि बोलण्यात दोन ठरलेले शब्दप्रयोग. होकार द्यायचा असेल तर ‘सरी’, आणि शंका असेल तर ‘मोजलंय कुणी?’ वाचनालयात कोणी सुस्कारा टाकून म्हणाले की हल्ली वाचन फार कमी झाले, तर अण्णा मान डोलावत. “सरी. पण मोजलंय कुणी?” त्यानंतर ते स्वतः उठून देवघेवीची वही उघडून बसत.

मंडळाच्या फाटकासमोर पदपथाची एक फरशी वर आली होती. दोन वृद्ध सभासद तिला अडखळून पडले. मी महानगरपालिकेला चार पत्रे लिहिली. त्यांत निष्काळजीपणा, दायित्व आणि नुकसानभरपाई यांची चर्चा होती. उत्तर आले नाही. पाचव्या पत्राचा मसुदा अण्णांनी वाचला.

“फरशी किती वर आलीया?”

“धोकादायक उंचीवर आलेली आहे, असे स्पष्ट लिहिले आहे.”

“ते माप न्हवं, वकीलसाहेब. तो राग हाय.”

मग भर रस्त्यात गुडघे टेकून त्यांनी पट्टीने तीन ठिकाणी उंची घेतली आणि माझ्या पत्राच्या पाठीवर एक लहानसे रेखाचित्र काढले. महिनाभरात फरशी बसवली गेली. कामावर आलेला अभियंता फाटकातून आत आला, आणि चित्र कोणी काढले म्हणून त्याने कन्नडमध्ये अण्णांची चौकशी केली. पत्र कोणी लिहिले हे त्याने विचारले नाही.

अण्णा शब्दही असेच तपासत. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची, कारखान्यातल्या पद्धतीने रकाने आखलेली एक नोंदवही होती. शब्द, मूळ, जोड, आणि शेवटचा रकाना निर्णयाचा. कोणताही शब्द त्यांना ऐकीव अर्थावर चालत नसे. मराठी कोश वाचनालयात होतेच. कन्नड कोश ते एका जुन्या सहकाऱ्याकडून आणत. तरी अडले तर दासरहळ्ळीच्या देवळातल्या अर्चकांना गाठत. एवढे करून निर्णयाच्या रकान्यात बहुधा ‘पुन्हा तपासणे’ असे येई.

मंडळाच्या वर्धापनदिनी एका काल्पनिक राजाचे नाटक बसवायचे ठरले. आमच्या चिटणीस देवधरबाई, मूळच्या पुण्याच्या, मल्लेश्वरममध्ये स्थायिक झालेल्या. शेवटच्या अंकात राज्याभिषेक होता. राजाची भूमिका आठल्ये यांच्याकडे होती. हा मारतहळ्ळीत राहणारा, संगणक क्षेत्रातला चाळिशीचा उमदा गृहस्थ.

“अण्णा, पीण्यात तुमची ओळख आहे,” देवधरबाई म्हणाल्या. “पितळेचा एक छानसा मुकुट करून आणा ना. भाड्याचे मुकुट अगदी पुठ्ठ्याचे दिसतात.”

“सरी,” अण्णा म्हणाले. “कशासाठी पायजे?”

“राज्याभिषेकासाठी, अहो. मुकुट घालायचा ना त्याला.”

पुढच्या रविवारी अण्णा मुकुट न घेता आले. लाल वही घेऊन आले आणि त्यांनी ती देवधरबाईंसमोर उघडून ठेवली. नोंद मी तेव्हाच उतरवून घेतली होती. ‘शब्द: राज्याभिषेक. मूळ: सिच्, म्हणजे शिंपणे. जोड: अभि, म्हणजे वर किंवा कडे. मुकुट: आढळला नाही. निर्णय: नग बरोबर, चित्र चुकीचे.’

“म्हणजे काय?” बाईंनी विचारले.

“म्हणजे या शब्दात नुसतं पाणी हाय, बाई. पिंडीवर अभिषेक करता, त्योच अभिषेक. शेताला सिंचन म्हणता, मूळ त्येच. राजा आन् ऊस, दोघांवर एकच क्रिया.”

आठल्ये हसले. “पण अण्णा, कॉरोनेशनमध्ये तर क्राउनच असतो ना.”

“इंग्रजीत हाय की. त्यांच्या शब्दाच्या बुडाशी पानाफुलांची चक्री हाय, डोक्यावर घालायची. त्यांचं त्यांना बरोबर. आपण शब्द आपला ठेवला आन् चित्र त्यांचं चिकटवलं.” मग त्यांनी पान उलटले. “कन्नडमधी पट्टाभिषेक म्हणत्यात. पट्ट म्हणजे कपाळाला बांधायची पट्टी, सोन्याची. आपल्या पट्टराणीत ती पट्टी अजून हाय. बांधलेली हाय, पण कुणी बगत न्हाई.”

देवधरबाईंचा मुकुट गेला तो गेलाच. त्याऐवजी काय करायचे हे अण्णांना अर्चकांनी सांगितले होते, अर्थात कन्नडमध्ये. जुन्या विधीत राजाच्या मस्तकावर शंभर छिद्रांच्या पात्रातून पाणी सोडत. अण्णांनी तांब्याचा एक जाड तांब्या विकत घेतला आणि बोम्मसंद्र्याच्या एका ओळखीच्या कार्यशाळेत यंत्र मागून घेतले.

शंभर छिद्रे पाडणे हे ऐकायला सोपे वाटते. मधे एक, त्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा असे भरत गेले तर एक्याण्णव होतात, आणि आणखी एक फेरा घेतला तर एकदम एकशे सत्तावीस. नऊ छिद्रे कोठेतरी कोंबून बसवणे अण्णांना जमणारे नव्हते. पंधरा दिवस ते त्या नऊ छिद्रांविषयी बोलत होते. मग एके रविवारी येताच म्हणाले, “मधलं काढून टाकलं.” मधे काहीच नाही, बाहेर एकात एक पाच वर्तुळे, दहा, पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस. “मधे भोक असतं तर टाळूवर सरळ धार पडली असती. राजा नळाखाली बसल्यागत दिसला असता.”

तयार तांब्या त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

“मोजा.”

“तुम्ही मोजली असतीलच.”

“मी पाडलीत. म्हणून तुम्ही मोजा.”

मी बुडाला कागद लावला, टाचणीने प्रत्येक छिद्रातून टोचून घेतले आणि मग कागदावरची टोचणी मोजली. शंभर भरली. अण्णांनी त्या कागदावर माझी सही घेतली आणि तो वहीत डकवला.

पाण्याचाही प्रश्न त्यांनी असाच सोडवला. राजासाठी निरनिराळ्या ठिकाणचे पाणी एकत्र करायचे असते. तेव्हा देवधरबाईंच्या नळाचे कावेरीचे, अण्णांच्या गल्लीतील बोअरचे, आठल्ये यांच्या सोसायटीत येणाऱ्या टँकरचे, आणि निपाणीहून बाटलीत मागवलेले वेदगंगेचे. आठल्ये यांनी टँकरचे पाणी डोक्यावर घेण्याबद्दल शंका काढली. अण्णा म्हणाले, “रोज त्येच घेताय की.”

तालमीत आठल्ये यांनी एकदा वेळ वाचवण्यासाठी तांब्या स्वतःच उचलून डोक्यावर धरला. अण्णा प्रेक्षकांच्या खुर्चीतून उठून रंगमंचाशी गेले आणि त्यांनी तो काढून घेतला.

“असं न्हाई. राजानं आपल्या डोक्यावर आपण पाणी घ्यायचं नसतं.”

“का हो?”

“घेतलं तर ती आंघोळ.”

प्रयोगाच्या दिवशी चार बाजूंनी नाटकातले चौघे उभे राहिले आणि त्यांनी पाळीपाळीने तांब्यातून पाणी सोडले. आठल्ये यांच्या छातीवरचा ध्वनिक्षेपक पहिल्याच थेंबांना बंद पडला. त्यांचे शेवटचे भाषण तिसऱ्या रांगेपलीकडे कोणालाही ऐकू आले नाही. पण शंभर बारीक धारा दिव्यांच्या उजेडात खाली येत होत्या, त्यांखाली एक भिजलेला माणूस हात जोडून बसला होता, आणि आमचे सभागृह, जे एरवी राष्ट्रगीतालाही पूर्ण गप्प बसत नाही, गप्प होते. अण्णा पडद्याच्या कडेला बुडातली छिद्रे बघत उभे होते.

यापुढचे लिहिताना मला माझ्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण दोष माझा आहे.

मंडळाच्या सभागृहात माजी अध्यक्षांच्या नावांचा एक लाकडी फळा आहे. अण्णा तीस वर्षे मंडळात येत होते. खुर्च्या त्यांनी लावल्या, नळ त्यांनी बदलले, वाचनालयातल्या पुस्तकांची प्रत्येक फाटकी पाठ त्यांनी शिवली. एकदा फळा पुसताना ते मला म्हणाले होते, “यावर निपाणीचं एकबी नाव न्हाई.” मी तेव्हा मान वर केली नाही. मी काहीतरी लिहीत होतो.

नाटकानंतरच्या वर्षी अध्यक्षपदासाठी देवधरबाईंनी अण्णांचे नाव सुचवले. अण्णा ‘सरी’ म्हणाले. वार्षिक सभेला ते नवा पांढरा शर्ट घालून आले, आणि मी पाहिले की खिशात पट्टी नव्हती. त्यांना ते पद हवे होते. इतके हवे होते की त्यांना ते लपवता आले नव्हते.

दुसरे उमेदवार आठल्ये होते. नावे वाचून झाल्यावर ते उभे राहिले. हातात फोन होता.

“अण्णा, पर्सनल काही नाही. पण घटनेत कलम सात आहे. पीडीएफ ग्रुपवर आहे. ‘अध्यक्षाची घरभाषा मराठी आणि मराठीच असावी.’ तुमच्या सभासद अर्जात घरभाषा या रकान्यात ‘मराठी व कन्नड’ लिहिलंय. मी नाही विचारलं तर उद्या दुसरं कोणीतरी कोर्टात जाईल.”

सभागृहातले बरेच चेहरे माझ्याकडे वळले, कारण कलम सात मी लिहिले होते. फार पूर्वी एक गृहस्थ केवळ सभागृह आपल्या समारंभांना मिळावे म्हणून अध्यक्ष झाले होते. त्यांना मराठीत दोन वाक्ये सरळ बोलता येत नसत. मला त्यांचा संताप आला होता आणि मी एका बैठकीत ते कलम रचले. त्यात पळवाट राहू नये म्हणून ‘आणि मराठीच’ हे शब्द मी स्वतःच्या हाताने वाढवले. कलम चांगले बांधलेले होते. त्यातून सुटका नव्हती. मी त्या पाच मिनिटांत शोधून पाहिली.

देवधरबाईंनी अण्णांचा मूळ अर्ज काढला आणि पेन पुढे केले. “अण्णा, एवढे दोन शब्द खोडा. ‘व कन्नड’. कोण बघतंय?”

अण्णांनी अर्ज हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

“बाई, नग पास व्हावा म्हणून माप खोडत न्हाईत.”

“अहो, पण ही काय मशीनची गोष्ट आहे का?”

“माझ्या बापाची हाय,” अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

ज्या भाषेत त्यांना आमच्या राज्याभिषेकाचे पात्र सापडले होते, तीच भाषा आता त्यांच्या आड आली होती, आणि आडवी मी घातली होती. मी उठून घटनादुरुस्तीची सूचना दिली. तिला एक महिन्याची नोटीस आणि उपस्थितांपैकी दोनतृतीयांश मते लागतात. ती अटही माझीच. निवडणूक तेवढ्यापुरती तहकूब झाली.

त्या महिन्यात मी प्रत्येक सभासदाला स्वतंत्र पत्र लिहिले. कलम सात हे रागाच्या भरात रचलेले, अन्यायकारक आणि मंडळाच्या उद्देशांशी विसंगत आहे, असे त्यांत म्हटले होते, आणि कोणते दोन शब्द मी कोणत्या बैठकीत वाढवले हेही दिले होते. स्वतःविरुद्ध तक्रारअर्ज लिहिण्याची ती माझी पहिलीच वेळ. मसुदा मी अण्णांना दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला. “या वेळी माप दिलंय,” एवढेच ते म्हणाले.

विशेष सभेला पंचेचाळीस सभासद आले. तीस हात वर व्हायला हवे होते. सभेचे संचालन माझ्याकडे होते; माझा हात धरून मी रांगेरांगेने मोजले. आठल्ये यांचा हात वर होता. हे नमूद करणे न्याय्य होईल. काही जणांनी खाली पाहिले, काही खिडकीबाहेर पाहत राहिले. एकोणतीस. मी पुन्हा मोजले. एकोणतीस. मग माझ्या लक्षात आले की दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर अण्णा हात मांडीवर ठेवून बसले आहेत.

“अण्णा, हात वर करा,” देवधरबाई म्हणाल्या.

“मला करता येत न्हाई.”

“तुम्ही सभासद आहात,” मी म्हणालो. “घटनेप्रमाणे तुम्हाला मताचा पूर्ण अधिकार आहे. हितसंबंधाची कोणतीही बंदी त्यात नाही. मीच लिहिली आहे ती.”

“ठाऊक हाय, वकीलसाहेब. पण नग माझा हाय.”

“अहो, एका हाताचा प्रश्न आहे.”

“एकच हात कमी पडतोय आन् त्यो माझा हाय, म्हणूनच न्हाई.”

देवधरबाई फळ्याकडे पाहत होत्या. मी दोन मिनिटे थांबलो, तो अधिकार सभेच्या संचालकाला असतो, आणि मग ठराव नामंजूर झाल्याचे इतिवृत्तात नोंदवले. त्या रात्री मी अण्णांना चार पानी पत्र लिहिले. त्यात हट्ट, अव्यवहारीपणा आणि सद्गुणाचा अतिरेक यांवर माझी मते होती. सकाळी ते फाडले. पोस्टात न टाकलेले माझे ते एकमेव पत्र.

आठल्ये अध्यक्ष झाले. आमच्याकडे नव्या अध्यक्षाला पुणेरी पगडी घालतात. पगडी घालायला त्यांनी अण्णांनाच बोलावले. अण्णांनी ती दोन्ही हातांनी नीट बसवली, एक पाऊल मागे जाऊन पाहिले आणि डावीकडे थोडी सरळ केली.

कलम सात पुढच्या वर्षी रद्द झाले. सूचना माझी, अनुमोदन आठल्ये यांचे. हात मोजावे लागले नाहीत. पण तोवर अण्णा घर रिकामे करून निपाणीला मुलीकडे राहायला गेले होते. फळ्यावर त्यांचे नाव नाही. ते त्यावर यावे असा अर्ज मी केला होता. जो माणूस अध्यक्ष झाला नाही त्याचे नाव अध्यक्षांच्या फळ्यावर लिहिता येणार नाही, असे मला लेखी कळवण्यात आले. कळवणे बरोबर होते.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते जाण्याच्या आदल्या रविवारी. वाचनालय बंद करून मी मागच्या बाजूला गेलो, तर ते विहिरीच्या जुन्या कठड्यावर बसले होते. मांडीवर तो तांब्या, हातात सुई. नाटकानंतर तांब्या मंडळाच्या कपाटात नुसता पडून होता. अण्णांनी तो बाहेर काढून मागच्या कढीपत्त्याच्या रोपांना पाणी घालायला घेतला होता. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. वर्षभरात छिद्रांवर पांढरे क्षार बसले होते.

“सात बुजलीवती,” ते म्हणाले. “झाली मोकळी.”

“अण्णा, त्या सभेत तुम्ही—”

“ऊन हाय तवर मोजून घ्या.”

त्यांनी तांब्याचे तोंड उन्हाकडे धरले. मी खिशातला पाठकोरा कागद काढून बुडाखाली धरला. कागदावर उजेडाचे बारीक ठिपके पडले. मधे रिकामे, भोवती पाच वर्तुळे. मी दोनदा मोजले.

“शंभर,” मी म्हणालो.

“लिहून द्या.”

मी कठड्यावर कागद ठेवला आणि लिहिले: छिद्रे शंभर. मोजली. खाली सही केली. अण्णांनी ते वाचले, घडी घालून पट्टीशेजारी खिशात ठेवले, तांब्या बादलीत बुडवला आणि पाणी गळायच्या आत झटपट पावले टाकत रोपांकडे गेले.